रिंगणात पहिली बसणारी

अन्याय मुजम्मिलवर झाला. पाच वर्षांपूर्वी, गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारी, उन्हं उतरायच्या वेळेला, पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या तोंडाशी. तो रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा होता आणि तोवरच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करत होता. आणि अन्याय केला तो तुम्ही.

तुम्ही म्हणजे नाशिककर. पाय वर घेऊन, चकली मोडत हा दिवाळी अंक चाळणारे तुम्हीच. त्या रविवारी तुम्ही त्याच्याभोवती गर्दी केली होतीत. पलीकडे साड्यांच्या नव्या दालनाची फीत कापायला मालिकेतली कुणी सून आली, एवढंच कुणीतरी ओरडलं, आणि तुम्ही नाटक अर्ध्यावर टाकून पळालात.

संपादकांनी बजावलं होतं, अनुभव लिहा, पत्रक नको. अडचण अशी की मला लिहायला पत्रकांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं, आणि मधल्या जागेत आपल्यात दम असेल तेवढं. पहिली ओळ झाली. आता मधली जागा.

मी पथनाट्य करते. कॉलेजपासून. पोटासाठी इंदिरानगरमधल्या एका क्लासला नववी-दहावीचा इतिहास शिकवते, पण कुणी विचारलं तर काम म्हणून मी पथनाट्यच सांगते. मग पुढचा प्रश्न येतो, "अरे वा! अभिनय करता?" नाही. मी बसते.

हे समजावून सांगावं लागतं. रस्त्यावरच्या नाटकाला तिकीट नसतं, खुर्ची नसते, दार नसतं. प्रेक्षक म्हणजे भाजी घ्यायला निघालेला आणि डफाच्या आवाजानं मान वळवलेला माणूस. त्याचा एक पाय आमच्याकडे असतो, दुसरा घराकडे. उभा माणूस कधीही जातो. फोन आला, गेला. पिशवी जड झाली, गेला. शेजारचा गेला म्हणूनही गेला. पण खाली बसलेला माणूस असा पटकन उठत नाही. उठायचं म्हणजे गुडघ्यावर हात टेका, पिशवी सावरा, मागच्यांचे पाय चुकवा, कपडे झटका. एवढी कटकट करण्यापेक्षा नाटक बघितलेलं परवडतं. शिवाय पुढचे बसले की मागच्यांना दिसतं, आणि दिसलं की तेही रेंगाळतात. पहिली ओळ खाली बसली की अर्धं नाटक जिंकलं. पण भर रस्त्यात आपणहून पहिल्यांदा कुणीच बसत नाही. लाज वाटते. कुणीतरी आधी बसावं लागतं.

ती मी. आमच्या गटाचा कुडता मी घालत नाही. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी मेथीची जुडी. मेथी महत्त्वाची. मेथी हातात असलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही. थोडा वेळ उभी राहते, चुळबुळ करते, मग "बाई गं" म्हणून टेकते आणि शेजारणीला म्हणते, "बसा ना ताई, मागच्यांना दिसत नाही." ताई बसतात. ताईंच्या जाऊबाई बसतात. झालं.

हे काम मला मिळालं त्याचं कारण सरळ आहे. मला अभिनय येत नाही. आणि ज्या दोघांना तो येत होता, त्यांच्यासमोर तो येत नसल्याचं लपवता येत नव्हतं.

अश्विनी देवळ्याची. घरी कांद्याचा व्यापार, माणसं मोठ्या आवाजात बोलणारी, आणि त्या आवाजांतून अश्विनी नाटकं उचलायची. लिहायची तीच, बसवायचीही तीच. मुजम्मिल मालेगावचा. घरात यंत्रमाग, त्यामुळे लहानपणापासून खडखडाटाच्या वर आवाज काढायची सवय. बीएस्सीला म्हणून नाशकात आला आणि प्रयोगशाळेपेक्षा आमच्याकडे जास्त सापडू लागला. इंदिरानगरात अश्विनीची भाड्याची खोली होती, तिच्या गच्चीवर तालमी चालायच्या. घरमालक काका खालून ओरडायचे, "अरे, जरा हळू भांडा!" मुजम्मिल वरून नम्रपणे सांगायचा, "काका, भांडत नाही, प्रेमाचा सीन आहे."

त्याच गच्चीवर माझी परीक्षा झाली.

"सुजा," अश्विनी म्हणाली, "तू रडतेस ना, तेव्हा बातम्या दिल्यासारखी रडतेस."

"मग हसून दाखवू?"

"नको. हसतेस तेव्हा घोषणा देतेस."

मुजम्मिल पाण्याच्या टाकीला टेकून शेंगदाणे खात होता. "अरे यार, हिला बसव ना. कॉलेजच्या गेटवर धरणं असलं की सगळ्यांत आधी कोण बसतं? ही. बसण्यात हिचा हात कोण धरणार?"

दोघं इतकी हसली की शेंगदाणे सांडले. मीही हसले, घोषणा दिल्यासारखी. तेव्हापासून मी बसते. आणि तेव्हापासून ती दोघं मला सुजाता म्हणत नाहीत, पत्रक म्हणतात.

बसण्याच्या कामातही गिऱ्हाईकं एकेक भेटतात. पंचवटीत एकदा मी "बाई गं" म्हणून टेकले तर एका आजींना वाटलं मला चक्कर आली. माझी मेथी बाजूला फेकून त्यांनी कांदा फोडला आणि माझ्या नाकाला लावला. पुढे पाण्याच्या टँकरवरचं आमचं विनोदी नाटक मी डोळ्यांतून धारा गाळत पाहिलं. माझं बघून बाकीच्या बायकाही गंभीर झाल्या. प्रयोगानंतर अश्विनी म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा खरं रडलीस, तेही चुकीच्या नाटकात."

एक हवालदार होते. एका संध्याकाळी माझ्याजवळ वाकून म्हणाले, "बाई, गेल्या आठवड्यात कारंजाच्या चौकात बसल्या होत्या, आज इथं बसल्या. काय भानगड?"

"नाटक बघतेय."

"तेच ते?"

"आवडलंय मला."

"मला नाही आवडलं," म्हणाले, आणि शेवटपर्यंत तिथंच उभे राहिले. त्यानंतर मात्र कुठेही दिसले की काठी आपटून तेच लोकांना सांगायचे, "बसा रे पुढचे, मागच्यांना दिसत नाही!" त्यांची बदली झाली तेव्हा वाईट वाटलं. पोलिसाच्या बदलीचं वाईट वाटणारा आमच्या चळवळीतला पहिला गट आमचाच असेल.

आणि देवळ्याचा बाजार. अश्विनीचं घरचं मैदान, त्यामुळे आम्ही फुशारून गेलेलो. खाली चिखल होता म्हणून मी एका भरल्या गोणीवर टेकले. मागून एक म्हातारबुवा ओरडले, "ऊठ ना माय, मन्हा कांदा शे तो!" सगळा बाजार हसला. नाटकाची शिवण उसवलीच होती. मुजम्मिल तेव्हा पुढाऱ्याचं काम करत होता. तो भाषण थांबवून वळला, हात जोडून म्हाताऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, आयुष्यभर दुसऱ्याच्या कांद्यावर मी बसलो, आणि तुम्ही उठवताय त्या बाईला?" टाळी अशी पडली की बाजारातली पाखरं उडाली. त्यानंतर कुणाला बसा म्हणून सांगावं लागलं नाही.

मला उठवलं आणि टाळी त्याला मिळाली. तेव्हा मी कौतुकानंच हसले होते. मत्सराचं बी असंच पडत असावं. पडताना आवाज होत नाही.

आता ते दाराचं नाटक. नाटकातल्या गावात भाजीबाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधतात. हार, फीत, फोटो. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप, ते कायमचं. बाजारात बसणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत हे तुम्हाला सांगावं लागत असेल, तर तुम्ही पुरुष आहात किंवा तुमचं घर जवळ आहे.

मुजम्मिल ते दार व्हायचा. नाटक सुरू झाल्यापासून हात पसरून उभा. हलायचं नाही, बघायचं नाही. लोक विसरायचे की तिथे माणूस आहे. एकानं त्याच्या हातावर छत्री अडकवली होती. आणि मग, बाकीची पात्रं भांडून दमली की, दार बोलायला लागायचं. बाहेर थांबून परत गेलेल्या बायकांची नावं घ्यायचं. शेवटी रिंगणातल्या एकेकाकडे बघून विचारायचं, "किल्ली कुणाकडे आहे?"

इथे माझा संवाद. माझ्या आयुष्यातला एकमेव. "माझ्याकडे नाही!" पहिल्या बसणारीनं तो म्हटला की शेजारचा म्हणतो, मग त्याच्या शेजारचा. दार विचारत जातं, रिंगण उत्तर देत जातं. सुरुवातीला लोक हसत म्हणतात. अर्ध्या फेरीनंतर कुणी हसत नाही.

त्या रविवारी दारानं नुकतं तोंड उघडलं होतं, आणि गाडी आली. फटाके लागले. "आली, आली!" रिंगण असं विरघळलं, जसं पाण्यात मीठ. उरलो कोण? मी, कारण माझी ड्यूटी. आणि लिंबं विकणाऱ्या जनामावशी, कारण लिंबं सोडून जाता येत नव्हतं.

अश्विनीनं डफ खाली घेतला आणि त्याला खूण केली, थांबवायचं का? त्यानं पाहिलं नाही. दार आहे तो, दार कसं बघेल? त्यानं एकच केलं. आवाज उतरवला. तोवर तो बाजाराशी बोलत होता, आता दोघींशी बोलायला लागला. शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा. फटाके वाजत होते, लाउडस्पीकरवर साड्यांवरची सूट ओरडत होते, आणि तरी त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मालेगावच्या खडखडाटात त्यानं ओरडायला नव्हे, ऐकवायला शिकून घेतलं होतं.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे नाही," मी म्हणाले. घोषणेसारखं नाही. तसं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

त्यानं मावशींकडे पाहिलं. मावशी लिंबांवर पाणी मारता मारता थांबल्या. "माझ्याकडंबी नाय रे बाबा. असती तर तुला कवाच उघडलं असतं."

त्याचे डोळे भरले. दाराचे.  मला आधी वाटलं, आपल्याला आनंद झालाय. मग कळलं, आनंदाला अशी आंबट चव नसते. मला त्या क्षणी दोन गोष्टी पक्क्या कळल्या. हा इथे राहणार नाही. आणि मी कितीही वर्षं घासली तरी हे मला येणार नाही.

नंतर चहा पिताना मी तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. मुजम्मिल बिस्किट बुडवत म्हणाला, "जाऊ दे ना यार. दोन होत्या की. हाऊसफुल्ल."

 अश्विनी मावशींचं वाक्य घोळवत होती. पुढच्या प्रयोगापासून ते नाटकात आलं, आणि म्हणणार फक्त मावशी, असंही ठरलं. अजूनही त्याच म्हणतात. बाजारात बसल्या बसल्या, लिंबं मोजत.

वर्षभरात ती दोघं मुंबईला गेली. आधी एकांकिका, मग प्रायोगिक, मग व्यावसायिक. तिनं लिहिलेलं, त्यानं केलेलं. फोनवर फोटो यायचे, हार घातलेले, मध्ये नटराज. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवून फोन पालथा ठेवायची.

मत्सराबद्दल मला एकच तक्रार आहे. त्याचं पत्रक काढता येत नाही. पत्रकाला कुणीतरी जबाबदार लागतो, ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल. इथे कुणाच्या दारात उभं राहू? त्या दोघांनी माझं काही घेतलं नव्हतं. दर खेपेला बोलावलं, तिकीट ठेवलं, मध्यंतरात मला आत नेऊन सगळ्यांना सांगितलं, "ही आमची पत्रक." एवढं चांगलं वागणाऱ्या माणसांचा मत्सर करणं फार मेहनतीचं काम आहे. आणि इतर धंद्यांत तो घरी बसून तरी करता येतो. नाटकात तो तिसऱ्या रांगेत बसून, टाळ्या वाजवत करावा लागतो.

तरी आज मागं वळून बघते तेव्हा त्या फोटोंतलं काही आठवत नाही. आठवते ती गच्ची. ईदला मुजम्मिल डब्यातून शीरखुर्मा आणायचा आणि आम्ही टाकीवर बसून एकाच चमच्यानं खायचो ते. संवाद विसरला की अश्विनी चप्पल फेकायची ते. कुणी मोठं झालेलं नव्हतं, त्यामुळे कुणी मागंही पडलेलं नव्हतं.

यंदा, गणपतीच्या आधीच्या रविवारी, त्यांच्या नाटकाचा नाशकात प्रयोग लागला. चौकाचौकात फलक, "नाशिकचा सुपुत्र". कोण? ज्याला तुम्ही रस्त्यात टाकून पळालात तो. फलकावर त्याचं तोंड माझ्या क्लासच्या पाटीपेक्षा मोठं होतं.

त्याचा फोन आला. "पत्रक, रविवारी रात्रीचा प्रयोग. तुझी खुर्ची ठेवलीये."

"येईन. पण संध्याकाळी मला काम आहे."

"काय काम?"

"बसायचंय."

तो हसला. "अजून दार करता? दार कोण आहे आता?"

"प्रज्ञा."

प्रज्ञा पेठ तालुक्यातली, इथे कॉलेजात शिकते. तिचे वडील कैलासभाऊ नाशकात रिक्षा चालवतात. बारीक चणीची मुलगी, एरवी चार शब्द बोलताना ओढणीचं टोक पिळत राहते, आणि दार झाली की तिच्यावर छत्री अडकवायची कुणाची छाती होत नाही. मला तिचाही मत्सर वाटतो, पण आता मला त्याची सवय आहे.

कैलासभाऊंना हे पसंत नव्हतं. आठ दिवस आधी ते मला भेटायला आले. रिक्षातून न उतरताच बोलले.

"ताई, लोकं काय म्हणतील म्हणून नाय बोलत मी. लोकं जाऊ द्या. पण पोरगी रस्त्यात जीव तोडून बोलती, आन् लोकं पाठ फिरवून जाता, हे मला नाय बघवणार. स्टँडवर मी दिवसभर तेच बघतो. हात करतो, लोकं पुढं जाता. तिला ते कशाला?"

मी म्हणाले, "लोक थांबतात, भाऊ."

"मंग मी येतो रविवारी. थांबता का नाय ते बघतो. थांबले तर माझं काय म्हणणं नाय. नाय थांबले तर तिनं कॉलेज करायचं आन् घरी यायचं. बास."

प्रज्ञाला मी विचारलं, "घाबरलीस?" ती ओढणी पिळत म्हणाली, "दाराला काय भीती?" पण तिचा आवाज दाराचा नव्हता.

रविवारी पावसानं उघडीप दिली. रिंगण छान भरलं. मी मेथीसकट बसले, ताया बसल्या, जाऊबाया बसल्या. कैलासभाऊ पलीकडे रिक्षाला टेकून, हाताची घडी घालून उभे. प्रज्ञा हात पसरून उभी. सगळं जागच्या जागी होतं. दार बोलायला लागलं.

आणि फटाके लागले.

त्याच साड्यांच्या दालनानं वर एक मजला चढवला होता, पुरुषांच्या कपड्यांचा. फीत कापायला गाडीतून कोण उतरावं? मला आधी विश्वास बसेना. नाटकाच्या निर्मात्यानं जाहिरातीच्या बदल्यात परस्पर ठरवलं होतं, हे नंतर कळलं. "मुजम्मिल, मुजम्मिल!" आणि रिंगण उठलं. तेच, तसंच. गुडघ्यावर हात टेकून, पिशव्या सावरून, कपडे न झटकता.

जनामावशी म्हणाल्या, "आलं का परत कोणी फीत कापाया?"

"आपलं दार आलंय, मावशी," मी म्हणाले.

मी कैलासभाऊंकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. प्रज्ञानं बोलणं थांबवलं नव्हतं, एवढंच.

पलीकडे मुजम्मिल पायऱ्यांवर चढला, कात्री हातात घेतली आणि गर्दीच्या डोक्यांवरून त्याला आम्ही दिसलो. रिकामा रस्ता, हात पसरलेली एक मुलगी, खाली बसलेली मी. त्यानं फीत कापली, कात्री मालकाच्या हातात ठेवली आणि माइक पुढे आला तरी न बोलता खाली उतरला. रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे. मागून अख्खी गर्दी, फोन उंच धरून.

"सरक ना, पत्रक." तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

"लोक पळवलेस माझे."

"परत आणलेत ना." मग मागे न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बसा. मागच्यांना दिसत नाही."

सगळे बसले. एका दमात. ज्याला मला मेथी लागते, चुळबुळ लागते, "बाई गं" लागतं, ते त्यानं एका वाक्यात केलं. खोटं कशाला बोलू, एवढी जळले नव्हते मी कधी. माझ्याकडे तेवढं एकच काम होतं, तेही हा माझ्यापेक्षा चांगलं करत होता.

प्रज्ञा बोलत राहिली. फोन सगळे त्याच्याकडे रोखलेले होते, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिनं ते ओळखलं असणार. तिनं आवाज उतरवला. कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. मुजम्मिलचा श्वास थांबलेला मला जाणवला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड मला ओळखीचं वाटलं. तिसऱ्या रांगेत मी तसं घेऊन बसते.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे नाही!" मुजम्मिल बोलून गेला. माझ्या आधी. दार असताना कितीदा ऐकलेलं उत्तर. आणि काय झालं असेल? टाळ्या. शिट्ट्या. "वन्स मोअर!" एका पोरीचा सेल्फीसाठी धक्का लागून माझी मेथी चिरडली. दार तिथेच उभं, प्रश्न अर्धा हवेत.

मुजम्मिलनं मान खाली घातली. "सॉरी यार," तो माझ्या कानाशी म्हणाला. "हे तुझंच काम आहे. माझ्याकडून होत नाही आता. बसलो तरी उभाच दिसतो मी." जरा थांबून म्हणाला, "आणि ती कसली आहे गं! मला आता असं ऐकायलाच कुणी येत नाही. बघायला येतात."

तो उठला आणि वाकून, तोंड लपवत, मागच्या बाजूनं निघून गेला. त्याच्या मागं गर्दी गेली. सगळी नाही, पण बरीच. उरले ते विखुरलेले, काही बसलेले, काही उठू का नको करत असलेले. मी गुडघे घट्ट धरले आणि दाराकडे बघत राहिले. बसणारीनं मागे वळून मोजायचं नसतं. तिनं मोजलं की सगळे मोजतात.

प्रज्ञानं पुन्हा विचारलं, अजून हळू. "किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे नाही."

"माझ्याकडंबी नाय गं बाई. असती तर तुला कवाच उघडलं असतं." मावशी.

मग माझ्या शेजारी, मुजम्मिल उठला होता त्या जागेवर, कुणीतरी टेकलं. गुडघे वाजले. खाकी शर्ट. कैलासभाऊ माझ्याकडे न बघता पुटपुटले, "मघापासून उभा हाय, पाय दुखाया लागले." त्यांना बसलेलं पाहून उठू का नको करणारे बसले. प्रश्न फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला. लेकीनं बापाला विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?" भाऊंच्या हातात रिक्षाची किल्ली होती. त्यांनी ती मुठीत लपवली आणि दुसरीकडे बघायला लागले. लोक हसले. ते नाही हसले. प्रज्ञाही नाही. तिनं वाट बघितली, आणि पुढच्याकडे वळली.

नाटक संपल्यावर भाऊ कपडे झटकत म्हणाले, "ताई, आजचं मी धरत नाय. आले ते त्या नटापायी आले, गेले तेबी त्याच्यापायी. थोडे थांबले हे खरं. पण मला नट नसताना बघायचंय."

"मग पुढच्या रविवारी?"

"आता गणपती, मंग नवरात्र, मंग तिच्या परीक्षा. दिवाळी होऊ द्या. भाऊबीज झाली का पहिल्या रविवारी लावा. मी येतो. तोवर तालीम बंद." रिक्षा चालू करताना मात्र थांबले. "आवाज तिचा तिच्या आजीवर गेलाय," म्हणाले, आणि गेले.

रात्री मी मुजम्मिल-अश्विनीचं नाटक तिसऱ्या रांगेतून बघितलं. फार चांगलं होतं. टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. ती आंबट चव होतीच, पण मध्येच माझ्या लक्षात आलं की या एवढ्या लोकांना बसवायला इथे खुर्च्या आहेत, माझी गरज नाही. बाहेर अश्विनी भेटली. मी प्रज्ञाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग लिही ना. तुला पत्रक येतं."

म्हणून हे लिहिलं. आता शेवटची ओळ.

भाऊबीज झाली की पहिला रविवार. उन्हं उतरायच्या वेळेला, पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या तोंडाशी, जिथे जनामावशी लिंबं घेऊन बसतात. नट येणार नाही, फीत नाही, फोटो नाही. एक मुलगी हात पसरून उभी असेल आणि तिचा बाप रिक्षाला टेकून तुमच्याकडे बघत असेल. तिच्याकडे नाही, तुमच्याकडे. मेथीवाली बाई दिसली तर तिला ओळख दाखवू नका. टाळ्या नकोत, कौतुक नको, पाच वर्षांनी "नाशिकची सुकन्या" म्हणून फलक तर अजिबात नको. या, आणि खाली बसा. ती बोलायची थांबेपर्यंत उठू नका.